पहिला मुक्काम

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांना ऊब हवी,
आणि सगुणने ते शब्दशः घेतलं.
त्याच संध्याकाळी जमिनीवर नकाशा अंथरला,
चारी कोपऱ्यांवर चार नारळ ठेवून.

सत्तरीतली थंडी सांगून कळायची नाही.
गोवा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ऊन येतं.
इथे पहाटे म्हादईवरून धुकं चढतं,
पोफळींच्या बुंध्यांना कवटाळून बसतं,
आणि खोबरेल बाटलीत चुन्यासारखं थिजतं.

तर ट्रक.
बावीस वर्षं तो खाणीपासून जेटीपर्यंत धावला,
अकरा किलोमीटर, जाताना भरलेला, येताना रिकामा.
सगुण म्हणतो, एवढ्यात पृथ्वीला चौदा वेढे झाले असते.
झाले ते अकरा किलोमीटरांचेच.
माती बार्जमध्ये चढायची, तिथून बोटीत, तिथून जपानला,
हा जेटीवरून पाठ फिरवायचा.
खाण थांबली, तेव्हापासून फणसाखाली उभा.
कोंबडीने त्याच्या इंजिनाखाली दोनदा पिल्लं काढली.
आता त्याला समुद्र दाखवायचा, असं सगुणचं म्हणणं.
ट्रकाला.
मला, असं नाही म्हणाला.

फोंडू मेस्ताने हौदा उतरवून लाकडी खोली बसवली,
ओट्याची उंची माझ्या कोपराच्या मापाने.
सात वेळा धुतलं, तरी फटींतून लाल पाणी.
आठव्यांदा मीच म्हटलं, राहू दे,
याच रंगावर आपला भात शिजला.

आरटीओतल्या साहेबाने कागद उलटसुलट पाहिला.
टिपर होता, आता हे काय?
घर, सगुण म्हणाला.
घराला चाकं कशाला?
याचं उत्तर पटवायला तीन खेपा लागल्या.

रोज जेवण झालं की आम्ही निघतो.
काणकोणात मासळी घेतो, पोळ्याचा नाका ओलांडतो,
कारवार मागे पडतं, गोकर्णाला मी हात जोडते.
उडुपीच्या पुढे नकाशाची घडी फाटली आहे,
तिथे त्याचं बोट हवेतून जातं
आणि थेट केरळात उतरतं.
मी विचारते, पाणी कुठे भरायचं?
विहिरी काय फक्त आपल्याकडेच आहेत?
मी विचारते, रात्री मला दोनदा उठावं लागतं, त्याचं काय?
यावर तो पेन्सिल खाली ठेवतो.
दुसऱ्या दिवशी मेस्त पुन्हा आला.

माझी यादी वेगळी.
सुक्या सुंगटांची बरणी. कुळागराला पाणी कोण सोडणार.
शेजारच्या जयूला तुळशीची वेळ सांगायची.
आणि एक, जे कागदावर लिहिलेलं नाही:
एकोणतीस वर्षांत या माणसाशेजारी
सलग तीन तास मी कुठल्याच गाडीत बसलेले नाही.
तो ट्रक चालवायचा, मी धुळीचे शर्ट धुवायचे,
आमचा संसार बराचसा त्या बादलीतच झाला.
मंगळुरापर्यंत बोलायचं काय?

काल रात्री तालीम केली.
सगळं भरलं, घराला कुलूप लावलं,
आणि अंगणातच, फणसाखाली, ट्रकात निजलो.
वर पानांवरचं दव पत्र्यावर ठिबकत होतं,
मध्येच थांबायचं,
मग मी पुढच्या थेंबाची वाट बघायचे.

मध्यरात्री उठले. खिडकीतून समोर
एक घर दिसलं: कौलं ओली, बाहेरचा दिवा जळत,
पायरीवर कोणाच्या तरी चपला.
बरं वाटलं ते घर. कोण राहत असेल,
असं क्षणभर खरंच मनात आलं.

सगुण कूस बदलून म्हणाला, कुठे पोचलो?
मी म्हटलं, माहीत नाही.
थंडी आहे अजून.
झोपेतच म्हणाला, मग पुढे जाऊया.