सहा मिनिटं

पोतोसीच्या दवाखान्यात
एउस्ताकियोच्या बोटावरचा चिमटा मुकाच.
चाळीस वर्षं कथील खणलेलं बोट,
गारठलेलं.
तो बोटाकडे बघतो,
कामावर न आलेल्या गड्याकडे बघावं तसा.
निल्दा ते दोन्ही तळव्यांत धरून चोळते,
तेव्हा कुठे आकडा उमटतो: एक्क्याऐंशी.

सखल मुलखातून आलेला नवा डॉक्टर दचकतो.
"इतक्या उंचावर शंभर कुणालाच मिळत नाहीत,"
निल्दा म्हणते,
आणि चिमटा त्याच्याच बोटाला लावते.
सत्त्याऐंशी.
गालातल्या कोकाच्या पानांआडून एउस्ताकियो हसतो,
हसण्याचाही खोकला होतो.

मग व्हरांड्यात सहा मिनिटं चालायचं.
चौऱ्याहत्तर.
एकाहत्तर.
बाकावरून बायको उठते,
आकड्याकडे न बघता म्हणते,
"थांब जरा, माझ्या बुटाची नाडी सुटलीय."

तिच्या पायात वहाणा.