दोन कार्बोरेटर, मिरज

पोत्यावर दोन मांडले हबीबचाचांनी:
तैवानचा, अठ्ठावीसचा, चकाचक;
आणि जुना जपानी, भोकाला काजळी.

आधी तैवान. टू-स्ट्रोक किंचाळली,
कृष्णाघाटाच्या मळीत ढेकळं उडवत गेली,
वळणावर एक्सलेटर सोडला नि गचकली.
प्लग काढला: कोळसा.

मग जपानी.
वरच्या टोकाला कमीच पळाली,
पण चिखलातून हळू उचलताना
एकदाही ठसकली नाही.
प्लगला दुधाच्या चहाचा रंग.

"जवारी खुलली," चाचा म्हणाले.
वडील त्यांचे तंबोरे करायचे.
चाचांचा डावा कान सायलेन्सरांनी खाल्लेला,
म्हणून टाकीवर तळहात, डोळे मिटून.

"पण सरळीत तो पहिलाच, चाचा..."
"शर्यतीत सरळ हाय कुठं?"

मी तरी
पहिल्याचीच किंमत विचारली.