बारा गावचं पाणी

रुस्तावीच्या मैदानात सकाळी आठलाच
गाड्या उभ्या असतात हजारोंनी,
काचेवर खडूने लिहिलेली किंमत,
आणि प्रत्येकीचं तोंड उन्हाकडे,
म्हणजे रंग चमकतो, पोचे दिसत नाहीत.

मुर्मान मामा म्हणाला, पिशवी पोटाशी धर,
आणि आवडली तरी तोंड कडू ठेव.

पिशवीत साडेसहा हजार डॉलर.
अठ्ठावीस पेट्या मधमाश्या विकून आलेले,
वर थोडे नणंदेचे,
जे द्राक्षं उतरली की परत करायचेत.

माझं मागणं फार नव्हतं.
चारही चाकांनी जोर लावावा,
पोट जमिनीपासून वीतभर वर असावं,
मागची सीट पाडली की सहा पेट्या मावाव्यात,
आणि राचातल्या आमच्या शेवटच्या चढावर,
जिथे डांबर संपतं आणि गाय वाट सोडत नाही,
तिथे तिने मागे घसरू नये.
बस.

पहिली लाल होती.
मालखाज नावाचा माणूस तिला पुसतच होता.
अमेरिकेतली, म्हणाला, एका निवृत्त शिक्षिकेची,
रविवारची फक्त चर्चला जायची.
मामाने वाकून ब्रेकचं पेडल बघितलं,
झिजून गुळगुळीत झालेलं.
बाई फारच धार्मिक दिसते, म्हणाला.

मी सीटचा पट्टा ओढला,
शेवटच्या हातभरापर्यंत, जिथवर कुणी ओढत नाही.
तिथे एक रेघ होती. तपकिरी, सरळ.
बारा गावचं पाणी प्यायलेली म्हणतात ना,
हिने एकाच गावचं प्यायलं होतं,
पण नाकातोंडात जाईपर्यंत.

सीटखाली हात घातला तर चमचा लागला,
वाळलेल्या गाळाने भरलेला.
कुणाचा तरी नाश्ता अर्धा राहिला असेल.
मी तो होता तिथेच ठेवला.

मग एक काळी, उंच, रुबाबदार.
ती पेट्रोल अशी पिते
की दर खेपेला निम्मा मध तिच्याच घशात.
मग एक पांढरी, जिचं सायलेन्सरजवळचं भांडं
कुणीतरी कापून विकलेलं.
मग एक, जिच्याबद्दल मामा काही बोललाच नाही,
नुसता हात झटकून पुढे गेला.

दुपारी, अगदी कडेला, शौचालयाच्या भिंतीपाशी,
एक करडी फॉरेस्टर.
डावं दार दुसऱ्याच कुणाचं, हिरवं.
काचेवर किंमतच नाही.
आत म्हातारे इआसोन, गुरांचे डॉक्टर,
खाचापुरी खात बसलेले.

दिसत नाही आता रात्रीचं, म्हणाले, म्हणून विकतो.
आणि विचारायच्या आत सांगत सुटले:
तेल खाते, हजार किलोमीटरला अर्धा लिटर.
उजवीकडे वळताना कुरकुरते.
हीटर एक तर पूर्ण, नाही तर अजिबात नाही.
मामा मला कोपर मारत होता,
इतकं खरं बोलणाऱ्याचा त्याला जास्त संशय.

मी म्हटलं, सुरू करा.
बॉनेटवर कान टेकला.

हिवाळ्यात पेटी उघडायची नसते.
वाकायचं, बोटाने टकटक करायची, ऐकायचं.
राणी असली की आतून एक हुंकार येतो
आणि लगेच निवतो.
नसली तर लांबट, रडवा सूर,
थांबतच नाही.

सकाळची लाल तशीच रडत होती.
तेव्हा पुसण्याच्या कापडाकडे बघत राहिले,
ऐकलंच नाही.

सहा हजार म्हणाले. मामा पाच.
पाच हजार आठशेवर हात मिळाले,
आणि डॉक्टरांनी तेलाचा अर्धा डबा
आपणहून डिकीत ठेवला.

आता रिकोतीचा घाट.
हीटर पूर्ण, चारही काचा उघड्या,
मामा घोरतोय, टोपी वाऱ्याला गेली तरी.
उजवं वळण आलं की ती कुरकुरते
आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो.
सातशे डॉलर उरलेत.
नणंदेला काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.