अनंताचा स्क्रू

बर्फाच्या कारखान्यात मी हिशोब लिहिते,
हर्णैला, बंदराच्या चढावर.
घरी रशियन कॅमेरे सहा.
चालतात साडेतीन.

अर्धा म्हणजे फेड. तो खरं तर खारकोव्हचा,
रशियन नव्हेच, पण इथे कोण ऐकून घेतंय.
डिसेंबरात बरा असतो.
मे महिन्यात पडदा मध्येच थांबतो
आणि अर्धं आकाश काळं येतं.

पहिला झोर्की होडेकरांचा.
शमशुद्दीन होडेकर, जहाजावर ऑइलमन.
ओडेसाच्या धक्क्यावर नायलॉनचे दोन शर्ट देऊन घेतलेला.
नंबराचे पहिले दोन आकडे सालाचे : अडुसष्ट.
जुलेखाभाभींनी तो माझ्या हातात ठेवला तेव्हा
आत जुनं रीळ असेल असं मी धरून चालले होते.
नव्हतं.
एक मेलेली मुंगी होती,
आणि कातडी खोळीला डांबरगोळीचा वास.
भाभींनी एकच नियम सांगितला, नवऱ्याचा आवाज काढून :
आधी चावी, मग वेग.
उलट केलंस की मोडला समज.
हा नियम मी नंतर बऱ्याच ठिकाणी लावून पाहिला.

काचेत मधोमध एक पिवळट ठिपका असतो.
त्यात सगळं दोनदा दिसतं,
दोन डोलकाठ्या, एका कुत्र्याची दोन कुत्री.
रिंग फिरवत न्यायची.
एक दुसऱ्यावर सरकत येतं
आणि बसतं, कडीत कोयंडा बसावा तसं.
बसलं की अंतर कळलं.
पण भिंगावर झाकण असलं तरी हे सगळं छानच दिसतं,
ते कुणी सांगितलं नव्हतं.
आतेभावाचं अख्खं लग्न मी काढलं,
छत्तीस फोटो, झाकणाच्या आतल्या बाजूचे.
ती मंडळी अजून सणाला बोलवत नाहीत.

जुलैत सगळे कॅमेरे पत्र्याच्या डब्यात,
भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्यांत.
तरी एका ज्युपिटरमध्ये बुरशी शिरलीच,
निळ्या काचेवर बारीक पांढरी मुळं.
मी ते भिंग टाकलं नाही.
त्यातून संध्याकाळचे दिवे बरे दिसतात, ओले.

एका क्लिकला पाव लादी बर्फ पडतो
असा माझा हिशोब आहे.
म्हणून लिलावात द्रुपदा चोगले म्हणाली,
काढ गो माजा एक,
तेव्हा मी आधी तिच्या टोपलीकडे पाहिलं, मग उजेडाकडे,
मग काढला.
दाखव, म्हणाली.
आत आहे.
आत म्हंजे कुटं? मागं काच नाय याला?
पुण्याला जाईल, धुऊन येईल.
महिन्याभरात, म्हटलं.
म्हणाली, तवर मी म्हातारी व्हायची,
आणि पुढच्या बोलीला वळली.

फोटो आला तो असा :
पापलेटाचा खवला न् खवला मोजून घ्यावा
आणि द्रुपदाचा चेहरा धुक्यात.
तिने हात पुसून धरला, लांब, मग जवळ.
पापलेट झ्याक आलाय, म्हणाली.
आणि ठेवून घेतला, ब्लाऊजमध्ये, पैशांच्या पाकिटाबरोबर.

चूक माझी नव्हती, ठिपका खोटं बोलत होता.
तेव्हा चष्म्याच्या दुकानातला पेचकस मागून आणला,
रविवारी ओहोटीला धक्क्यावर बसले.
रिंग शेवटपर्यंत फिरवली की
भिंगावर आडवा आठ येतो, म्हणजे अनंत.
माझ्या दारात अनंताचं झाड आहे,
ते दहा फुटांवर.
हा अनंत लांबचा लागतो.
समोर पाण्यात सुवर्णदुर्ग,
पाव मैल असेल नसेल.
या भिंगाला तेवढा अनंत पुरतो.

काचेत दोन किल्ले होते,
एकमेकांपासून सुताभर दूर.
पुढचं टोपण काढून
आतला स्क्रू केसभर फिरवला.
उलट गेला. तीन किल्ले झाल्यासारखे वाटले.
मागून एक पोरगा विचारत होता, मावशी, काय दुरुस्त करताय?
किल्ला, म्हटलं.
तो थोडा वेळ किल्ल्याकडेच बघत उभा राहिला.

मग तटाची कड तटावर आली.
हात तसाच धरून ठेवला.
वाऱ्यात खार होता, पेचकसाच्या टोकाला गंज धरेल इतका,
आणि टोपण कुठे ठेवलं ते आठवेना.