भुसावळ, सव्वादोन

दिलेरामला ळ येत नाही.
फोनवर म्हणाला, मॅडमजी, भुसावल में हूं,
आगे की गाडी चार घंटे लेट.
डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याकडे निघालेला माणूस,
जन्मात पहिल्यांदा एवढा खाली उतरलेला.
एप्रिलची अठ्ठावीस. दुपारचे सव्वादोन.
फलाटावरची कुत्रीसुद्धा
नळाखालच्या ओलीला पोट लावून.

गेल्या सप्टेंबरात मी त्याच्या मागून चालत होते.
त्याआधी सहा महिने, रोज पहाटे,
याच स्टेशनचा दादर चढले, उतरले,
पाठीवर नऊ किलो ज्वारी, तीही दादर.
पुलावरचा दूधवाला विचारायचा,
दळाले चालल्या का भंगाळेबाई?
रोजच दळता, खातं कोण?
शाळेच्या प्रयोगशाळेत काचनळ्या धुणारी बाई
हिमालयात जाते, हे त्याला कसं सांगणार.
हो म्हणायचे. दळायला.

तिकडे खिंडीला जोत म्हणतात.
मी म्हटलं, आमच्याकडे जोत बैलाच्या मानेवर असतं.
तो हसला. म्हणाला, इथेही.

शेवटच्या चढाला कळलं.
हवा म्हणजे कोणीतरी उसनी दिलेली
आणि दारातच परत मागितलेली.
दहा पावलं, थांबा.
सात पावलं, थांबा.
मी मनात शाळेतल्या नळ्या मोजत होते,
फुटलेल्या धरून.
दिलेराम मागे वळत नव्हता, नुसता बोलत होता:
वर बघायचं नाही.
पुढच्याची टाच बघायची.
तहान नसली तरी घोट घ्यायचा.
मग कापराची वडी रुमालात बांधून
माझ्या मुठीत दिली. हुंगा.

वर काय होतं?
वारा, चार दगड, एक फाटकी पताका.
वाटलं होतं, रडू येईल.
आली ती शिंक.

आज तो माझ्या मागून.
पायऱ्या त्रेचाळीस, पारा चव्वेचाळीस.
एकविसावीवर त्याने कठडा धरला
आणि लोखंडाने हात झिडकारला.
तोंड तसंच, माझं होतं तसं:
हवा आहे ढीगभर, घेण्यासारखी नाही.

वर बघू नकोस, मी म्हटलं.
माझी टाच बघ.
घोट घे.

मला माझा आवाज ओळखू आला नाही.
त्याला आला.

पुलावरून उत्तरेला सातपुडा दिसतो,
म्हणजे दिसत नाही या दिवसांत,
पाटीवर ओलं बोट फिरवावं तेवढी रेघ.
एका डोळ्याने त्याने बराच वेळ पाहिली.
बर्फ?
नाही.
जोत?
आहे की. पलीकडे मध्य प्रदेश.
माणसं जातात?
केळीचे ट्रक जातात.
हं, म्हणाला, जसं काही
ट्रकनाही तिथे धाप लागत असेल.

घरी तीन पेले ताक प्यायला,
फरशीवर आडवा झाला,
बूट उशाशी ठेवले, तंबूत ठेवतात तसे.
मी पडदा ओला करून लावला.
झोपेत त्याचा श्वास मोजत बसले,
उगाच, सवय म्हणून.

गाडी आली साडेसहाला.
खिडकीतून त्याच्या खिशात कांदा कोंबला.
ये क्या?
इथला कापूर, म्हटलं. झळ लागत नाही याने.
शास्त्र विचारू नकोस,
मी प्रयोगशाळेतली आहे.

जूनमध्ये मेसेज आला. सोबत फोटो.
डोळा बरा आहे, मॅडमजी,
कांद्याला कोंब आलाय, काय करू?
फोटोत मागे पांढरं काहीतरी,
ढग की बर्फ, कळत नाही.

मी लिहिलं, लाव.
मग आठवत बसले
तिथली माती कशी असते.
सगळा वेळ खालीच बघत चालले होते
आणि तरी पाहिलेली नाही.