राहाटीच्या पुलापर्यंत

बसमत रोडवर हनीफभाईनं
दोन्ही चाव्या काउंटरवर ठेवल्या.

आधी लहानी.
मागं नणंद बसली, गुडघे हनुवटीला.
डिक्कीत एक बॅग, तीही आडवी.
गियर टाकताना यांचं कोपर
दर वेळी माझ्या कोपराला.
"सॉरी," म्हणले हे.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मग मोठी. सात सीटा,
गार वारा पार मागपर्यंत.
नणंद तिसऱ्या रांगेत पाय पसरून झोपली बी.
मी मधे, ऐसपैस.
पुलावर यांनी काहीतरी विचारलं.
"काय?" मी ओरडले.
"काही नाही,"
आरशातले डोळे रस्त्याकडं वळले.

"कौनसी निकालूं, भाभी?"

मोठीत जागा लई आहे, मी म्हणले,
आन् कोपर चोळत
लहानीच्या दाराशी उभी राहिले.