तीन मिलिमीटर

उद्यमनगरात दुपारचा पत्रा तापला
की ग्राइंडरचं पांढरं पाणी कोमट होतं.
त्या पाण्याखाली क्रँक फिरत असतो.
आण्णांचं मशिन माझ्या हाती आलं
तेव्हापासून मी एवढंच करते:
झिजलेलं गोल करते.
दहा थाऊ, वीस थाऊ, तीस.
चाळीसनंतर भंगारवाला.

मग बाबगोंडा नरदे आले, गुळाचे अडते.
टेम्पोत जुन्या शेव्हरलेचं इंजिन,
सहा सिलिंडर एका ओळीत,
ब्लॉक एवढा लांब की फाळका उघडाच ठेवलेला.
"पन्हाळ्याच्या चढाला धापतंय.
ताकद वाढवा. पण आवाज देवघरातला पायजे."

दस्तगीर मिस्त्रींना हे ऐकू गेलं नाही.
त्यांचे कान प्रेसशॉपनं कधीच नेलेत.
मी हातवारे केले. ते हसले,
खडूनं लादीवर एक वर्तुळ काढलं,
त्याच्या पोटात दुसरं, लहान,
मधोमध नव्हे,
कडेला चिकटून.
"बाहेरच्या अंगाला हात लावू नको.
सगळं आतनं खा."

पिनेचा मध्य तीन मिलिमीटर सरकतो.
पिस्टन तीन वर जातो, तीन खाली.
सहाची उडी, त्याच लोखंडातून,
कुठंही काही न जोडता.
वीस वर्षं मी वजा करत आले,
वजाबाकीतून काही वाढताना
पहिल्यांदाच बघत होते.

आण्णा म्हणायचे, काटा शून्यावर आला
तरच जेवायला बसायचं.
मी डायल लावला,
काटा तीनवर नेला,
आणि डबा उघडला नाही, का कोण जाणे.

शिरोलीहून पिस्टन आले, गजन पिनेचं भोक वर घेतलेले.
गुजरीत सोनाराच्या काट्यावर सहाही तोलले.
दुसरा दोन ग्रॅम जड.
"ताई, ॲल्युमिनियम हाय हे," सोनार म्हणाला.
मी म्हटलं, तुमचं सोनं मिनिटाला चार हजार फेरे घेत नाही.

जुळणी केली. हातानं फिरवलं.
चौथ्या दांड्याचा बोल्ट ब्लॉकला अडला.
टक्.
सगळं परत उघडलं.
मिस्त्रींनी नखाएवढी चंद्रकोर कोरली ब्लॉकमध्ये,
फुंकर मारून बोट फिरवलं.
"जागा नसत्या गं. काढाय लागत्या."

एक आणि सहा बरोबर वर येतात,
दोन-पाच, तीन-चार,
पण एका वेळी पेट एकालाच,
जोडीदार नुसता सोबत चढतो.
एक पाच तीन सहा दोन चार.
हे मी झोपेतही म्हणते, असं घरचे सांगतात.

तीन कार्बोरेटर. तिघांच्या तोंडाशी नळी धरून
मी हवेची फुसफुस ऐकते.
मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं पातं ब्लॉकला टेकवतात,
मूठ दातात धरतात,
डोळे मिटतात.
माझ्या कानाला सहाही सारखे.
त्यांच्या दातांना नाहीत.
"तीन नंबर उपाशी हाय."
प्लग काढला तर खरंच पांढराफटक.
स्क्रूला पाव आटा.
परत दात.

गाडीत इंजिन चढलं तेव्हा नरदेंनी
खिशातून रुपया काढून हेडवर उभा केला.
पडला.
परत उभा केला, परत पडला.
नव्या कॅमचा स्वभावच तसा,
बसल्या जागी पाय हलवत राहतो.
नरदेंचं तोंड उतरलं.
मिस्त्रींनी रुपया उचलला, पुसला,
स्वतःच्या खिशात टाकला.
"चला पन्हाळ्याला."

वाघबिळाच्या पुढं चढ लागला.
नरदेंचा हात सवयीनं गिअरकडे गेला
आणि नुसता तिथंच राहिला.
मी आरशात बघितलं.
मागच्या सीटवर दस्तगीर मिस्त्री
खिडकीच्या काचेला
दात टेकवून बसले होते.